डीप टिश्यू मसाज: फायदे, धोके आणि तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट. तपासणी संपते, व्यायाम समजावून होतात आणि दारात चप्पल घालता घालता पेशंट विचारतो, "आणि मालीश केली तर चालेल ना हो?" व्हॉट्सॲपवरही तेच. तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून हे पान. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एखाद्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा हवाला असेल तर तोही वाचा.

१. डीप टिश्यू मसाज म्हणजे नक्की काय? घरी तेल लावून चोळतो त्यात आणि यात फरक काय?

दिवाळीच्या पहाटे आई पाठीवर तेल जिरवते तेव्हा तेल भरपूर असतं, हात लांब फिरतो आणि जोर वरच्या थरावर राहतो. डीप टिश्यूमध्ये तेल जेमतेम घ्यायचं, कारण हात घसरला तर खालचा स्नायू हाताला लागत नाही. अंगठा, बोटांची पेरं किंवा कोपर वापरून एकेका पट्ट्यावर दाब द्यायचा, थांबायचं, स्नायू सैल पडला की आणखी थोडं आत जायचं. हात स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने चालतो किंवा धाग्यांना आडवा. आडवं घासण्याची पद्धत ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरिॲक्स यांनी गेल्या शतकात रूढ केली, ती आम्ही आजही कॉलेजात शिकतो.

यातला खरा शब्द "सावकाश". घाईघाईत जोर लावणारा माणूस डीप टिश्यू करत नाही, नुसता रगडतो.

२. तालमीत पैलवान एकमेकांना मालीश करतात, ती हीच का?

जवळची आहे, पण अंग वेगळं आहे. कोल्हापूरच्या तालमीत जोर-बैठका काढून, माती अंगाला लावून झाल्यावर जी मालीश होते, ती विशी-बाविशीच्या, रोज मेहनत करणाऱ्या पोराची असते. मालीश करणाराही त्याच मातीतला, त्याला समोरच्याची मांडी पाठ असते. बावन्न वर्षांच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, शुगर आणि बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाने तोच जोर मागायचा नसतो. माझ्याकडे "लहानपणी तालमीत जायचो, सहन होतं मला" म्हणणारे बरेच येतात. सहन होतं यात शंका नाही. प्रश्न सहन होण्याचा नाही, तो ४ थ्या उत्तरात आहे.

३. याने खरंच काय फायदा होतो? स्पाच्या पत्रकावर तर दहा-बारा फायदे छापलेले असतात.

त्यातले दोन-तीन धरा, बाकीचे सोडा.

कंबरदुखी आणि मानदुखीत काही दिवस ते काही आठवडे आराम पडतो, हा पहिला. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी शेक, मसाज वगैरे करून बघा असं सांगितलं आहे. त्याच वेळी मसाजबद्दलचा पुरावा कमी दर्जाचा आहे, हेही तिथेच लिहिलं आहे. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, तिच्या २०१५ च्या आढाव्यात २५ चाचण्या तपासल्या होत्या. त्यांचाही सूर असाच: थोड्या काळासाठी बरं वाटतं, त्यावर फार भिस्त ठेवू नका.

दुसरा फायदा हालचालीचा. एक रिक्षावाले दादा येतात. मान धरली की रिव्हर्स घेताना मागे बघता येत नाही. मी हनुवटी आणि खांदा यांच्यामधलं अंतर बोटांनी मोजते. आले तेव्हा चार बोटं. मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूवर वीस मिनिटं काम केल्यावर दोन बोटं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजलं तर तीन. म्हणजे मिळालेल्यातलं निम्मं रात्रीत गेलं. मधल्या वेळात त्यांनी मानेचे व्यायाम केले असते तर कदाचित दोनच राहिली असती, आणि हे मी त्यांना ऐकवलंही. मालीश थोडा वेळ मिळवून देते. त्या वेळात व्यायाम केला नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा पैसे मोजायचे.

तिसरा, झोप चांगली लागते आणि मन हलकं होतं. याला कमी लेखू नका. जुन्या दुखण्यात झोप ही अर्धी लढाई असते.

हे घडतं कसं? दाबाने स्नायू किंवा त्यावरचं आवरण ताणून लांब होतं, असं सांगितलं जातं. पण मांडीच्या बाहेरच्या बाजूचं जाड आवरण एक टक्का जरी हलवायचं म्हटलं तरी माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो, हे २००८ मध्ये गणिताने मांडून दाखवलं गेलं आहे. बदल होतो तो मुख्यतः मज्जासंस्थेत. मेंदू त्या जागेला दिलेला पहारा थोडा ढिला करतो.

४. दुखलं तरच गुण येतो ना? मी तर सांगते, अजून जोरात दाबा.

नाही, ताई. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

२०११ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल आले. जुनी कंबरदुखी असलेले ४०१ लोक होते. एका गटाला दहा आठवडे आरामाचा, हलका मसाज. दुसऱ्याला दुखऱ्या जागा शोधून त्यावर नेमकं काम करणारा मसाज. तिसऱ्याला नेहमीचे उपचार. दोन्ही मसाजवाले तिसऱ्या गटापेक्षा बरे झाले, पण एकमेकांच्या तुलनेत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणजे जोर लावून कळ सोसलेल्यांना जास्त काही मिळालं नाही.

"कळ सोसल्याशिवाय फळ नाही" हे आपल्यात इतकं भिनलंय, की हलक्या हाताच्या मालिशीला लोक पैसे वाया गेले म्हणतात. आम्ही थेरपिस्टही मग पेशंट खूश व्हावा म्हणून कोपर लावतो. दोघांचंही चुकतं.

दाब किती हवा? दुखणं ० ते १० मध्ये मोजलं तर ५-६ च्या वर जायला नको. "गोड दुखतंय" असं म्हणता ना, ते चालतं. तुम्ही श्वास रोखलात, मूठ आवळलीत, पायाची बोटं वळली, की समजा दाब जास्त झाला. स्नायू तेव्हा उलटा आखडतो आणि थेरपिस्ट त्या आखडलेल्या स्नायूशी कुस्ती खेळत बसतो. चटका, झिणझिण्या किंवा विजेसारखी कळ खाली उतरली तर ती नस आहे. लगेच थांबवायला सांगा.

५. माझ्या पाठीत गाठी आहेत. त्या फोडता येतात का? आणि लॅक्टिक ॲसिड, टॉक्सिन निघून जातात म्हणे.

हाताला जी गाठ लागते ती बहुतेक वेळा आखडलेला, दाबल्यावर दुखणारा स्नायूचा पट्टा असतो. ती फुटत नाही, सैल पडते. तिच्या आत नेमकं काय असतं यावर आमच्या क्षेत्रात अजून वाद आहेत. दाबल्यावर मऊ आणि न दुखणारी, इकडेतिकडे सरकणारी गाठ चरबीची असू शकते. टणक, वाढत जाणारी किंवा रात्री दुखणारी गाठ आधी डॉक्टरांना दाखवा. ती चोळायची नाही.

लॅक्टिक ॲसिड व्यायामानंतर तासाभरात शरीर आपणहून उरकतं. २०१० मधल्या एका कॅनडातल्या अभ्यासात तर व्यायामानंतर लगेच केलेल्या मसाजने ते बाहेर पडणं मंदावलेलं दिसलं. टॉक्सिनचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, कोपर नाही. मसाजनंतर पाणी जरूर प्या, तहान लागली असेल तर.

६. काल मसाज केला, आज अंग ठणकतंय आणि खांद्यावर निळं पडलंय. हे नॉर्मल आहे का?

एक-दोन दिवस अंग ठणकणं चालतं. सवय नसताना बैठका मारल्यावर होतं तसंच ते. कोमट पाण्याने अंघोळ करा, चालतं-फिरतं राहा.

निळं पडणं मात्र "चांगलं काम झाल्याची" खूण नाही, ती बारीक रक्तवाहिन्या फुटल्याची खूण आहे. एखादा छोटा डाग असेल तर पुढच्या वेळी दाब कमी करायला सांगा. मोठे डाग पडले असतील तर ९ वा प्रश्न वाचा. पुढीलपैकी काही झालं तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे जा: लघवी चहाच्या रंगाची होणं (जबर रगडल्याने स्नायू चिरडून मूत्रपिंडावर ताण आल्याच्या नोंदी आहेत), हात वर उचलता न येणं, एका बाजूची शक्ती जाणं, किंवा दम लागून छातीत दुखणं. शेवटच्या दोन्हींत सरळ १०८ ला फोन.

७. कोणी हा मसाज अजिबात करू नये?

ताप किंवा अंगात संसर्ग असताना नको. कातडीवर जखम, गळू, नागीण असेल तर त्या जागी नको. पायात रक्ताची गुठळी असेल किंवा तशी शंका असेल तर नको (८ वा प्रश्न). नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा हाड मोडलं असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय नको. फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांवर दाब नको.

ताज्या मुका माराबद्दल वेगळं सांगते, कारण घरोघरी हेच चुकतं. क्रिकेट-कबड्डीत मांडीवर गुडघा बसला, की कोणीतरी बाम घेऊन रगडायला बसतं. आतलं रक्त अजून थांबलेलं नसतं. मांडीच्या खोल माराला सुरुवातीलाच जोरात चोळलं तर स्नायूत चक्क हाड तयार होण्याची शक्यता वाढते. पहिले दोन-तीन दिवस बर्फ, पट्टी आणि विश्रांती. बाम कपाटात.

८. बाबांची एका पायाची पोटरी दुखतेय, थोडी सूजही आहे. चोळून देऊ का?

आधी नाही. आधी बघा.

चालून पोटऱ्या भरून आल्या, तर सहसा दोन्ही पाय दुखतात. एकच पोटरी सुजली असेल, गरम आणि ताठ लागत असेल, तर खोल शिरेत गुठळी झाली असू शकते. प्लास्टर, ऑपरेशन, अंथरुणाला खिळून राहणं, लांबचा प्रवास, बाळंतपण, कॅन्सर, गर्भनिरोधक गोळ्या, यातलं काही अलीकडचं असेल तर शंका आणखी पक्की. शिलाईची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर एक उंचवटा लागतो, त्याच्या खाली १० सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर आणि पायाची कलर डॉपलर तपासणी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). फरक कमी निघाला म्हणून गुठळी नाहीच असं मात्र समजू नका. शंका असेल तर डॉक्टरच ठरवतील.

दिल्लीत २०१६ मध्ये २३ वर्षांच्या एका तरुणाचा घोटा बॅडमिंटन खेळताना दुखावला. प्लास्टर घातलं. ते काढल्यावरही पाय दुखत आणि सुजत होता. आईने तेल लावून पाय चोळून दिला. शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली आणि तो गेला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी पुढे ही घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. आपल्यापैकी कुठल्या आईने वेगळं काही केलं असतं? म्हणूनच मी प्रत्येकाला टेप घ्यायला सांगते.

९. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. चालेल का?

डीप टिश्यू नको. वॉरफेरिन, एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांवर तर नकोच. क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन चालू असेल तर हलका हात, तोही थेरपिस्टला आधी सांगून. गोळी स्वतःहून बंद करून मसाजला जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

हे मी चुकून शिकले. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एक काका आले, "पाठ मोकळी कर पोरी" म्हणाले. मी चांगली अर्धा तास मोकळी केली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने फोटो पाठवला: खांद्यापासून कमरेपर्यंत जांभळं. चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला होता, दोन-दोन गोळ्या चालू होत्या. त्यांनी सांगितलं नाही हे खरं, पण मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून टेबलावर झोपवण्याआधी मी औषधांची पिशवी बघायला मागते. "कसल्या गोळ्या, साध्याच आहेत" हे उत्तर मी धरत नाही.

१०. आईचं वय ७०, शुगर आहे, हाडं ठिसूळ आहेत. तिला आवडतो मसाज.

मग करा, पण डीप टिश्यू नव्हे. ठिसूळ हाडांत पाठीवर आणि बरगड्यांवर कोपराचा दाब हे फ्रॅक्चरला आमंत्रण. शुगरमुळे पावलांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे "दुखलं तर सांग" याला तिथे काही अर्थ उरत नाही. इन्सुलिन घेत असाल तर टोचलेली जागा चोळू नका, औषध एकदम रक्तात जाऊन साखर उतरू शकते. कोमट तेल आणि तळहात पुरे.

११. सायटिका आहे. आणि उसण भरली तर?

उसण, लचक, चमक यांत पहिले दोन दिवस हलका शेक आणि जमेल तेवढी हालचाल. नंतर मसाजने बरं वाटतं. (पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, असं माझी आजी मानायची. जायचीही. उसण बहुतेकदा काही दिवसांत आपणच जाते, श्रेय पायाळूला.)

सायटिकात दबलेली जागा सहसा कण्याजवळ असते, तिथे बोट पोचतच नाही. कुल्ल्याच्या स्नायूवर बेताचं काम केल्याने आराम पडू शकतो. कळ मांडीतून पायात उतरत असताना कोपर खुपसून "नस मोकळी करणारा" कोणी भेटला तर उठून या. जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं, पाऊल लुळं पडणं यांपैकी काही असेल तर मसाज-व्यायाम सगळं बाजूला ठेवून तातडीने हॉस्पिटल.

१२. सलूनमध्ये दाढीनंतर मालीश करून मान मोडतात, खूप मोकळं वाटतं. धोका आहे का?

डोक्याची मालीश खुशाल घ्या. मान मोडायला आली की हात वर करून "नको दादा" म्हणा. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून वर जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, आणि त्यातून लकवा. २०१७ मध्ये दिल्लीजवळच्या एका ५४ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत अशा झटक्यांनी श्वासपटलाच्या नसा दुखावल्याची बातमी आली होती, त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. असं क्वचित होतं. पण "कट्" असा आवाज ऐकण्यासाठी एवढं पणाला लावायचं?

गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागात खोल दाब कुणाकडूनही नको.

१३. बाळंतिणीला मालीशवाली बाई जोरात रगडते. बरोबर आहे का? आणि गरोदरपणात?

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीचा धोका वाढलेला असतो, सिझेरियननंतर जास्तच. तेल, शेक, पाठीवर हात, हे सगळं राहू द्या. त्या बाईंचा आधारही मोठा असतो. पोटऱ्या आणि मांड्या मात्र दाबून रगडू देऊ नका, टाक्यांपासून लांब राहा. ८ व्या उत्तरातली टेप इथेही काढा. गरोदरपणात पोटावर आणि पायांवर खोल दाब नाही. बाकी डॉक्टरांना विचारून, कुशीवर झोपून हलका.

१४. मसाजने कॅन्सर पसरतो का?

नाही. हलक्या मसाजने उपचारांच्या काळात चिंता आणि झोप यांत फरक पडतो. पण गाठीवर, रेडिएशन दिलेल्या जागी, हाडात आजार गेला असेल तर तिथे, किंवा प्लेटलेट कमी असताना दाब नको. स्तनाच्या ऑपरेशननंतर हाताला येणाऱ्या सुजेसाठी वेगळी, अगदी पिसासारखी हलकी पद्धत असते. तिथे डीप टिश्यू उलटं पडतं.

१५. ऑनलाइन मसाज गन घेतली आहे. कशी वापरू?

सगळ्यात कमी वेगावर, मांसल भागावर, एका जागी मिनिटभर. मान, कणा, नडगी, बरगड्या नको. ७, ८, ९ मधली पथ्यं तिलाही लागू.

१६. किती वेळा करायचा आणि कोणाकडे?

जुन्या मानदुखीवरच्या २०१४ मधल्या एका चाचणीत (२२८ लोक) चार आठवडे, आठवड्याला दोन-तीनदा, तासभराचा मसाज उपयोगी ठरला. अर्ध्या तासाचा फारसा नाही. एवढा खर्च सगळ्यांना झेपत नाही, हे मला कळतं. मी साधारण चार-पाच वेळा करून बघायला सांगते. तेवढ्यात फरक नसेल तर सहाव्यांदा पैसे देऊ नका, निदान पुन्हा तपासून घ्या.

दुखण्यासाठी जात असाल तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. कोणाला राग येत नाही. स्पामध्ये जात असाल तर एक कसोटी: हात लावण्याआधी त्यांनी तुमची औषधं आणि आजार विचारले का?

१७. आम्ही दरवर्षी वारीत वारकऱ्यांचे पाय चोळून देतो. काही काळजी घ्यायची का?

हा प्रश्न दर ज्येष्ठात येतो आणि मला आवडतो. दिवे घाट चढून सासवडला पोचलेल्या पायांना हात लावायला मिळणं हे भाग्यच. फक्त इथे डीप टिश्यूचा विचारही नको. समोरची माउली बहुधा साठीपुढची, पाय सुजलेले, पुढे पंढरपूरपर्यंतची चाल बाकी.

तळहाताने, घोट्याकडून गुडघ्याकडे. अंगठा नडगीच्या हाडावर नाही, फोडांवर नाही, फुगलेल्या शिरांवर नाही. तेल लावण्याआधी दोन गोष्टी विचारा: शुगर आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का. आणि दोन्ही पोटऱ्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकच सुजलेली दिसली तर तेलाची बाटली खाली ठेवा आणि माउलींना हात धरून वैद्यकीय तंबूत घेऊन जा.